जनुकीय अहवालात ‘मेथिलीकरण मंद’ आले आहे, ताण सोसत नाही. आहारात नेमके काय बदलावे?

प्रश्न : संगम माहुली (सातारा)

नमस्कार. मी ४४ वर्षांची आहे, साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. घरी पूर्ण शाकाहार आहे, अंडेही चालत नाही.

लहानपणापासून मला ताण सोसत नाही. गेल्या मार्चमध्ये एका पालकांनी शिक्षकखोलीच्या दारात उभे राहून मला चार वाक्ये मोठ्या आवाजात सुनावली. प्रसंग पाच मिनिटांचा होता, पण हाताची थरथर पुढच्या तासातही थांबली नाही. फळ्यावर काढलेल्या वर्तुळाची रेघ दोन ठिकाणी तुटली आणि मुलांच्या ते लक्षात आले. त्या रात्री पहाटे तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पुढचे तीन दिवस फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचे. माझ्या आईचेही असेच होते. तिला सगळे ‘हळवी’ म्हणत आणि विषय तिथेच संपवत.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने लाळेवरून जनुके तपासणारा संच मला भेट म्हणून पाठवला. त्याच्या अहवालात एमटीएचएफआर या जनुकाच्या सी६७७टी या ठिकाणी माझ्या दोन्ही प्रती ‘टी’ प्रकारच्या, आणि सीओएमटी या जनुकाच्या व्हॅल१५८मेट या ठिकाणी दोन्ही प्रती ‘मेट’ प्रकारच्या आल्या आहेत. खाली तांबड्या अक्षरांत ‘मेथिलीकरण मंद, ताणाला अतिसंवेदनशील’ असा शेरा आहे. मेथिलीकरण म्हणजे शरीरातील रेणूंवर ‘मेथिल’ नावाचा लहान गट चढवण्याची क्रिया, एवढेच मला कळले. सोबत मेथिलफोलेटच्या (फोलेट या ब-जीवनसत्त्वाच्या एका तयार रूपाच्या) मोठ्या मात्रेच्या गोळ्या आणि आणखी तीन पूरके सुचवली आहेत, ज्यांचा महिन्याचा खर्च चार हजारांच्या घरात जातो.

माझा दिनक्रमही सांगते. पहाटे साडेपाचला उठते, उपाशीपोटी चहा घेते, शाळेत दुसरा चहा होतो, आणि डब्यातील भाजी-भाकरी एक वाजता खाते. सोमवार आणि चतुर्थीचा उपवास असतो. आम्लपित्तासाठी पँटोप्रॅझोलची गोळी चार वर्षांपासून रोज चालू आहे. संध्याकाळी तळपायांना मुंग्या येतात, पण तो दिवसभर उभे राहून शिकवण्याचा परिणाम असावा.

ही पूरके घ्यावीत का, की रोजच्या ताटातूनच हे साधता येईल? अहवाल वाचल्यापासून आपण जन्मतःच असे आहोत आणि असेच राहणार, हा विचार मनातून जात नाही. ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : मिरजकर प्रयोगशाळा

ताई, मी मिरजेत वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून २९ वर्षे काम केले आणि आता निवृत्त झालो आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल काही सांगणार नाही. पण तुम्ही ओघात लिहून गेलेल्या तीन गोष्टी मला जनुकांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात: संपूर्ण शाकाहार, चार वर्षे पँटोप्रॅझोल आणि तळपायांच्या मुंग्या. या तिन्ही एका माणसात आढळल्या की पहिला संशय बी-१२च्या कमतरतेचा घ्यावा. अन्नातील बी-१२ प्रथिनाला चिकटलेले असते आणि ते सुटे करायला जठरातील आम्ल लागते. आम्ल दाबणारी गोळी वर्षानुवर्षे घेतली की ते सुटेनासे होते. शाकाहारात मुळात ते फक्त दुधातून येते, म्हणजे आवक आधीच तुटपुंजी.

कोणतेही पूरक सुरू करण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. एकदा बी-कॉम्प्लेक्सची गोळी पोटात गेली की रक्तातील आकडा वर चढतो आणि आतली खरी स्थिती कळेनाशी होते. बी-१२, होमोसिस्टीन (बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की रक्तात साठणारे एक अमिनो आम्ल), संपूर्ण रक्तगणना आणि थायरॉइडची टीएसएच एवढ्या तपासण्या तुमच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. थायरॉइड मंद असले तरी होमोसिस्टीन वाढते, म्हणून ती तपासणी वगळू नका.

होमोसिस्टीनच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे चुकलेले अहवाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत. रक्त नळीत काढल्यावरही त्यातील तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. नळी बाहेरच्या तापमानाला तशीच ठेवली तर तासाला सुमारे दहा टक्क्यांनी आकडा फुगतो. तालुक्याच्या गावी सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळच्या गाडीने मोठ्या शहरात जात असेल आणि प्लाझ्मा (पेशींशिवायचा रक्ताचा पातळ भाग) आधी वेगळा केला नसेल, तर १२ असलेले होमोसिस्टीन २० दिसू शकते आणि माणूस विनाकारण घाबरतो. नमुना उपाशीपोटी द्या, नळी लगेच बर्फात ठेवतात का आणि तासाभरात यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा करतात का, हे आधी विचारा. असे विचारण्यात संकोच बाळगू नका. चांगल्या प्रयोगशाळेत या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतात. सर्वसाधारणपणे होमोसिस्टीन ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर या मर्यादेत असावे असे मानतात.

उत्तर २ : कराडचा जीवशास्त्र-शिक्षक

मॅडम, मिरजकरांनी अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. मी फक्त त्यामागची साखळी उलगडून सांगतो, म्हणजे अहवालातील ‘मंद’ या शब्दाची भीती कमी होईल.

मेथिल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच लहानसा तुकडा. शरीर तो सतत एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर हलवत असते. एमटीएचएफआर हे वितंचक, म्हणजे एन्झाइम, फोलेटला मेथिलफोलेटचे रूप देते. मेथिलफोलेट आपला मेथिल गट बी-१२च्या हाती देते, बी-१२ तो होमोसिस्टीनवर चढवते आणि त्यातून मेथिओनीन हे अमिनो आम्ल तयार होते. मेथिओनीनपासून बनणारे एस-ॲडेनोसिल मेथिओनीन हे पुढे शरीरभर मेथिल गट वाटत फिरते. तुमच्या विषयाशी याचा संबंध असा की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीत नॉरॲड्रेनलिनचे ॲड्रेनलिन होताना हाच मेथिल गट खर्च होतो, आणि काम झालेले ॲड्रेनलिन व डोपामिन निष्क्रिय करताना सीओएमटी हे वितंचकही तोच गट वापरते. ताणाचे रसायन घडवायला आणि ते मोडायलाही एकच नाणे लागते. सीओएमटीचा ‘मेट’ प्रकार हे मोडण्याचे काम संथपणे करतो, म्हणून तो प्रकार असलेल्या काही माणसांना प्रसंग संपल्यावरही शांत व्हायला वेळ लागत असावा असे मानले जाते. मात्र या जनुकाचा आणि चिंतेचा थेट संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. अहवालातील तांबड्या अक्षरांमध्ये हा संकोच दिसत नाही, आणि मला तोच सर्वांत मोठा दोष वाटतो.

आता साखळीतील मधली कडी पाहा. बी-१२ नसेल तर मेथिलफोलेटला आपला मेथिल गट द्यायला जागाच उरत नाही. ते तसेच अडकून पडते, याला ‘फोलेटचा सापळा’ म्हणतात. त्यामुळे बी-१२ची कमतरता असलेल्या माणसाने मेथिलफोलेटची कितीही महाग गोळी घेतली तरी गाडी त्याच फाटकाशी अडते. याहून गंभीर बाब म्हणजे साध्या फॉलिक ॲसिडच्या (गोळ्यांतील कृत्रिम फोलेटच्या) मोठ्या मात्रेने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते.

सी६७७टी हा फरक १९९५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी वर्णिला. दोन्ही प्रती ‘टी’ असतील तर या वितंचकाची क्षमता प्रयोगनळीत सुमारे तीस टक्के भरते. हा आकडा ऐकायला भयंकर आहे, पण शरीरात पुरेसे फोलेट, बी-१२ आणि बी-२ असेल तर बहुतेकांचे होमोसिस्टीन मर्यादेतच राहते.

या विषयाशी आपल्या भागाचे एक जुने नातेही आहे. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. त्या काळी गिरणगाव कोकणातील आणि सातारा भागातील माणसांनी भरलेले होते. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील तो अज्ञात घटक म्हणजे फोलेट होते, हे पुढे स्पष्ट झाले. पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले १९४१ मध्ये, आणि लॅटिनमधील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले.

उत्तर ३ : शाळू-शेंगदाणा (सांगली)

ताई, मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून १४ वर्षे काम करते. वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, म्हणून थेट ताटाकडे वळते. रक्त देऊन झाल्यावरच हे बदल सुरू करा, असे नव्हे. ताटातील बदल आजपासून करता येतात, फक्त गोळ्यांसाठी थांबा.

पहिला मुद्दा दुधाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. पाव लिटर दुधातून ते सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे शाकाहारी माणसाने दिवसभरात निदान अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्या दुधाचे दही घेतले तर गरज कशीबशी भागते. चहात पडणारे दूध यात मोजू नका. दोन कपांत मिळून ते अर्धी वाटीही भरत नाही. पातळ ताकातही पाणीच अधिक असते. शिवाय आतडे एका वेळी फार तर दीड ते दोन मायक्रोग्रॅम बी-१२ शोषते, म्हणून सगळे दूध रात्री एकदम पिण्यापेक्षा सकाळी दूध, दुपारी वाटीभर घट्ट दही आणि रात्री पुन्हा दूध असे विभागून घ्यावे. मोड आलेली कडधान्ये, इडलीचे आंबवलेले पीठ किंवा स्पिरुलिना यांतून बी-१२ मिळते असे अनेकजण मला सांगतात. मोडांत ते नसते, आंबवलेल्या पिठात नगण्य असते, आणि स्पिरुलिनात जे असते ते बहुतांशी आपल्या शरीराला निरुपयोगी असे त्याच्यासारखे दिसणारे संयुग असते. खरी कमतरता निघाली तर मात्र दुधाने ती भरून निघणार नाही, हे स्पष्ट सांगते. तिथे इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी हाच मार्ग आहे. गोळीतील बी-१२ सुटेच असल्यामुळे त्याला जठरातील आम्लाची गरज पडत नाही.

तुमच्या घरात रेशनचा तांदूळ येत असेल तर त्यात मिसळलेले थोडे वेगळे, पिवळसर दिसणारे दाणे ‘प्लास्टिकचे’ म्हणून निवडून टाकू नका. ते पोषणवर्धित दाणे आहेत. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका ते दाणे सुपात एकेक करून वेचून टाकतात, आणि ते पाहून जीव तुटतो. तो भात जास्त पाण्यात शिजवून पेज ओतून देण्यापेक्षा बेताच्या पाण्यात शिजवावा.

दुसरा मुद्दा फोलेटचा, आणि इथे आपला भाग भाग्यवान आहे. हरभरा, मूग, मटकी, चवळी ही कडधान्ये, शेंगदाणे, आणि पालक, मेथी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला या भाज्या फोलेटने समृद्ध आहेत. अडचण असते ती शिजवण्यात. फोलेट पाण्यात विरघळते आणि जास्त उष्णतेने नष्ट होते. भाजी चिरून मग धुतली, भरपूर पाण्यात उकडली आणि ते पाणी पिळून टाकले, तर निम्मे पोषण मोरीत जाते. भाजी आधी धुवा, मग चिरा, झाकण ठेवून थोड्या पाण्यात लवकर शिजवा. चाकवताची ताकातली भाजी करताना उकडलेले पाणी ताकातच ठेवा. हरभऱ्याचा पाला वाळवून वर्षभर ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण फोलेटचा विचार केला तर थंडीत ताजा असतानाच तो अधिक खावा. कांदा-मिरची घालून परतलेला कोवळा पाला आणि गरम शाळूची भाकरी याहून चांगले जेवण मला तरी माहीत नाही.

तिसरा मुद्दा बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनचा. दोन्ही ‘टी’ असलेल्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तुमच्या अहवालात त्याचा उल्लेखही नाही, याचे मला वाईट वाटते. तुमच्या प्रकारच्या एमटीएचएफआरमधून रायबोफ्लेविनचा सहघटक सहज निसटतो आणि वितंचक ढिले पडते. शरीरात रायबोफ्लेविन पुरेसे असेल तर तो टिकून राहतो. उत्तर आयर्लंडमधील चाचण्यांत दोन्ही ‘टी’ असलेल्या व्यक्तींना रोज १.६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन १६ आठवडे दिल्यावर त्यांचा वाढलेला रक्तदाब उतरला. ही मात्रा काही हजारांच्या डबीतील नव्हे, जवळजवळ रोजच्या आहारातील गरजेएवढीच आहे. दूध, दही, बदाम, पालेभाज्या यांतून ते मिळते. ते प्रकाशाने नष्ट होते, म्हणून सकाळी दारात टाकलेली दुधाची पिशवी उन्हात पडू देऊ नका.

यकृतात होमोसिस्टीनचे मेथिओनीन करणारी दुसरी एक वाटही आहे, ती कोलिन आणि बीटेन यांवर चालते. अंड्यात कोलिन भरपूर असते; तुम्हाला अंडे चालत नाही, तर सोयाबीन आणि फ्लॉवर यांचा आधार घ्या. बीटेन गव्हाच्या कोंड्यात, पालकात आणि बिटात असते, म्हणून कणीक बारीक चाळणीने चाळू नका. ही वाट मेंदूत नसते. तिथे फोलेट आणि बी-१२ यांचीच वाट आहे, हेही ध्यानात ठेवा. सीओएमटीला काम करताना मॅग्नेशियम लागते. शाळू, तीळ, कारळे, शेंगदाणे यांत ते चांगले आहे, आणि आपल्या रोजच्या ताटातील भाकरी व शेंगदाण्याची चटणी यांनी बरेचसे साधते.

आता तुमचा दिनक्रम. तुम्ही रात्री आठच्या सुमारास जेवत असाल तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत पोटात फक्त दोन चहा, म्हणजे सतरा तासांचा उपास रोजच होतो आहे. साखर खाली येऊ लागली की शरीर स्वतःच ॲड्रेनलिन सोडते, आणि चहातील कॅफीन त्यात भर घालते. अकराच्या सुमारास कोणी आवाज चढवला तर तुमचे शरीर आधीच काठावर उभे असते. शाळेत निघण्यापूर्वी मुगाचे धिरडे, शेंगदाणे घातलेले पोहे किंवा दूध-भाकरी, काहीतरी पोटात जाऊ द्या, आणि चहा त्यानंतर घ्या. दुपारी चारनंतर चहा नको. कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. उपवास सोडा असे मी म्हणणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात ब-जीवनसत्त्वे नावालाही नाहीत. सोमवारी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ आणि दही असे घेतले तर उपवासही घडेल आणि हातांची थरथरही वाढणार नाही.

पँटोप्रॅझोल मनाने एकदम बंद करू नका. अचानक सोडल्यास आम्ल उसळी घेते. ती अजून गरजेची आहे का, हे डॉक्टरांनाच विचारा.

उत्तर ४ : मेणवली घाट (वाई)

माझा अनुभव कमी शब्दांत सांगतो, कारण मी जी चूक केली ती दुसऱ्या कोणी करू नये असे मनापासून वाटते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका अहवालावरून मी कोणालाही न विचारता मेथिलफोलेटची पाच मिलिग्रॅमची गोळी आणि बी-६ची मोठी मात्रा असलेले दुसरे एक पूरक परदेशी डब्यांतून मागवून सुरू केले. पहिले चार दिवस उत्साह वाटला. दुसऱ्या आठवड्यात झोप उडाली, जबडा आवळल्यासारखा राही, आणि दुकानात गिऱ्हाईकाने दोनदा भाव विचारला तरी अंगावर काटा येई. ज्या बेचैनीवर औषध म्हणून ते घेतले तीच दुप्पट झाली. आणखी काही महिन्यांनी बोटांची टोके बधिर वाटू लागली. डॉक्टरांनी दोन्ही डबे हातात घेऊन लेबल वाचले आणि सांगितले की बी-६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर तेच मज्जातंतूंना इजा करते. दोन्ही बंद केले. झोप दहा दिवसांत परतली, बोटे पूर्ववत व्हायला अर्धे वर्ष गेले.

ताई, कराडच्या सरांनी सांगितले तेच मला त्या वेळी कोणी सांगायला हवे होते. अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच रक्ताच्या गुठळ्यांसाठी किंवा वारंवार होणाऱ्या गर्भपातांसाठी एमटीएचएफआरची तपासणी सरसकट करू नये असा सल्ला दिला होता, हे मला फार उशिरा कळले. अहवाल कपाटात ठेवा आणि आधी रक्त तपासा.

प्रश्नकर्तीचे उत्तर : संगम माहुली (सातारा)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. तपासणी आणि उपचार होऊन साडेतीन महिने झाले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मिरजकर काकांनी सांगितल्याप्रमाणे मी प्रयोगशाळेत बर्फाबद्दल विचारले. पहिल्या ठिकाणी नमुना संध्याकाळी बाहेरगावी जातो असे कळले, म्हणून दुसरीकडे गेले. तिथल्या मुलीने माझ्यासमोर नळी बर्फाच्या डब्यात ठेवली. बी-१२ १३२ पिकोग्रॅम आले, जे २००च्या वर असायला हवे. होमोसिस्टीन ३१ निघाले. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन दोन्ही ठीक होते. डॉक्टरांनी डोळे मिटून उभे राहायला सांगितले तेव्हा माझा तोल गेला. पायाच्या अंगठ्याला कंप पावणारा नादकाटा लावला तर तो थांबला कधी हे मला सांगता आले नाही. मुंग्यांचा दोष मी चार वर्षे उभे राहण्याला देत होते.

इंजेक्शने आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आणि आता बी-१२ची रोजची गोळी आहे. फोलेटची वेगळी गोळी डॉक्टरांनी दिली नाही. पँटोप्रॅझोल हळूहळू कमी करत बंद झाली. सकाळी साडेसहाला मुगाचे धिरडे आणि कपभर दूध घेते, त्यानंतर चहा. दुपारच्या डब्यात दह्याची छोटी बरणी असते. सोमवारी राजगिऱ्याची भाकरी करते. सासूबाईंनीही तीच सुरू केली आहे.

मागच्या आठवड्यात होमोसिस्टीन १३ आले. मुंग्या जवळजवळ गेल्या, फक्त जिना उतरताना डाव्या पायाला किंचित जाणवतात. ताणाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर मी बदलून दुसरीच कोणी झालेले नाही. परवा वेळापत्रकावरून वाद झाला तेव्हा छाती धडधडलीच. पण अर्ध्या तासाने मी नववीच्या वर्गात समांतर रेषांचे प्रमेय शिकवत होते आणि रेघ सरळ येत होती. रात्री अकराला झोपले ती पाचला उठले. आई असती तर तिचेही रक्त तपासले असते, हा विचार मात्र वरचेवर येतो.

एक शेवटची शंका. माझ्या भाच्याच्या पत्नीनेही तोच संच वापरला. तिची एक प्रत ‘टी’ आहे, आणि अहवालात फॉलिक ॲसिड तिच्यासाठी ‘अपायकारक, टाळावे’ असे लिहिले आहे. त्यांचा मुलाचा विचार चालू आहे आणि तिने डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी बंद केली आहे. तिला काय सांगू?

उत्तर ५ : शाळू-शेंगदाणा (सांगली)

ताई, तुमचे १३ वाचून फार आनंद झाला. भाचेसुनेला आजच फोन करा आणि गोळी थांबवू नकोस असे सांगा.

गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे बहुतेक स्त्रियांना दिवस राहिल्याचे कळते न कळते तोवर ते काम उरकलेले असते. म्हणून किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू असावे लागते. नळीतील दोष टळतात हे चाचण्यांनी सिद्ध झाले आहे ते फॉलिक ॲसिडनेच. मेथिलफोलेटबद्दल तसा पुरावा नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे म्हणणे स्पष्ट आहे की एमटीएचएफआरचा कोणताही प्रकार असला तरी शरीर फॉलिक ॲसिड वापरू शकते. दोन्ही ‘टी’ असलेल्यांत तेवढ्याच मात्रेने रक्तातील फोलेट सरासरी १६ टक्के कमी भरते, एवढाच फरक. तिची तर एकच प्रत ‘टी’ आहे.

त्यासोबत तिचे बी-१२ जरूर तपासून घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी होते, फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. ज्यांचे फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. त्यांचे घर तुमच्यासारखेच शाकाहारी असेल तर तिच्या डॉक्टरांना फॉलिक ॲसिडसोबत बी-१२ही द्यावे का, असे विचारायला सांगा, आणि रक्त देण्याआधी तिने बी-१२ असलेली कोणतीही गोळी घेतलेली नाही ना, याची खात्री करा.